आगाऊ ठिपका

३ नोव्हेंबर

मॅडमनी आज माझी प्रयोगवही परत केली. शेवटच्या पानावर मी लिहिलं होतं, 'पुन्हा तोच ठिपका. देवा, आता मी काय करू?' त्याखाली लाल पेनाने शेरा : 'प्रयोगवहीत निरीक्षणं लिहावीत. देवाशी पत्रव्यवहार घरी करावा.' म्हणून ही दुसरी वही. हिच्यात मनसोक्त रडायचं ठरवलं आहे.

नव्या वहीला काहीच ठाऊक नाही, तेव्हा पहिल्यापासून सांगते. लोक बँकेत काम करतात, शाळेत करतात. मी उंदरांच्या नाकात काम करते. नुकत्याच व्यालेल्या उंदरिणीला पिलांच्या घरट्यातला भुसा हुंगायला द्यायचा आणि तिच्या मेंदूच्या पुढच्या टोकाला कुठले ठिपके उजळतात ते मायक्रोस्कोपमधून बघायचं. ऑगस्टमध्ये ते झकास उजळले. पाचच ठिपके, पण इतके स्वच्छ की पिलांचा वास आईला नेमका इथे कळतो असं छातीठोकपणे सांगता यावं. मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, चक्क हसल्या होत्या.

सप्टेंबरपासून सगळं बिनसलं. मी भुशाची डबी उघडायच्या आधीच डावीकडच्या कोपऱ्यात सहावा ठिपका पेटतो. न बोलावलेल्या पाहुण्यासारखा येतो आणि बूड हलवत नाही. तो पेटला की उंदरीण जागच्या जागी थिजते आणि पिलांचे पाच ठिपके मिणमिणायला लागतात. मी त्याचं नाव आगाऊ ठेवलं आहे.

आठ डिसेंबरला समितीपुढे जायचं आहे. "एकदा आला तो निकाल नव्हे, योगायोग," असं मॅडमचं म्हणणं. तोवर ऑगस्टचा निकाल पुन्हा आला नाही तर प्रकल्प बंद, उंदरिणी दुसऱ्या गटाकडे आणि मी घरी. चार वर्षं घातली आहेत यात. मला भीती वाटते. घ्या, लिहून टाकलं.

माझा संशय खोली थंड ठेवणाऱ्या यंत्रावर आहे. ऑगस्टमध्ये ते बंद पडलं होतं आणि सप्टेंबरमध्ये मिस्त्रीने ते दुरुस्त केलं. मिस्त्री म्हणजे संस्थेतली सगळी यंत्रं सांभाळणारा इंजिनियर. पदवी मोठी आहे, पण खिशात कायम स्क्रू ड्रायव्हर, म्हणून सगळे मिस्त्रीच म्हणतात. यंत्र सुरू झाल्यापासून त्या खोलीत माझे दात वाजतात. तो आवाज बहुधा वरच्या मजल्यापर्यंत गेला, कारण दुसऱ्याच दिवशी त्याने अंगातला करडा स्वेटर काढून माझ्या खुर्चीवर टाकला आणि निघून गेला. तीन माणसं मावतील एवढा आहे. शुक्रवारी तो घेऊन जातो, सोमवारी सकाळी पुन्हा खुर्चीवर असतो. त्याच्यावरच निभतं आहे.

७ नोव्हेंबर

मी ताईकडे राहते. ताई कपडे शिवते, भाऊजी शाळेत गणित शिकवतात. भाऊजी मला उंदीरबाई म्हणतात. आज जेवताना ताईने विचारलं, "तो ठिपका म्हणजे नक्की काय गं? पुरळ का?"

मग मी समजावलं. नाकात आत, वरच्या बाजूला, लाखो चेतापेशी असतात. प्रत्येकीवर एकाच घडणीची कुलपं. वास म्हणजे हवेतून आलेले रेणू. ज्या कुलपात रेणू बसला ते उघडतं, पेशीत विजेची हालचाल होते आणि तो इशारा तिच्या लांबलचक धाग्यावरून थेट मेंदूकडे जातो. एका घडणीच्या सगळ्या पेशींचे धागे तिथे एकाच जागी येऊन मिळतात. तो ठिपका. आमच्या उंदरिणींच्या पेशी जाग्या झाल्या की हिरव्या चमकतात, तशी त्यांच्यात जन्मापासून सोय केलेली आहे. डोक्यावर एक काचेची खिडकी बसवलेली असते; डोकं स्थिर धरून उंदरिणीला मायक्रोस्कोपखाली छोट्या चाकावर पळू द्यायचं आणि मी त्या खिडकीतून बघते.

"म्हणजे दारावरची बेल," ताई म्हणाली. "पोस्टमनची वेगळी, दूधवाल्याची वेगळी."

"तसंच."

"आणि तुझ्या उंदरिणीची एक बेल उगाच वाजते."

"उगाच!"

"बेल उगाच नाही वाजत बाई. कुणीतरी दाबत असतं."

ताईला विज्ञानातलं काही कळत नाही, पण बोलायला पुढे.

११ नोव्हेंबर

तरी ताईचं म्हणणं डोक्यात राहिलं. दाबत असेल तर मीच. खोलीत दुसरं कोण जातं? म्हणून चार दिवसांपासून वासाचं सगळं सोडलं. शाम्पू बंद, पावडर बंद, कांदा-लसूण बंद. अंगाला आणि कपड्यांना बिनवासाचा साबण, तोही सगळ्या घराला. भाऊजी म्हणाले, "नवस बोललीस की काय?" टूथपेस्टऐवजी नुसतं मीठ. आगाऊ हजर.

मिस्त्री दोनदा येऊन मायक्रोस्कोपचा एक स्क्रू तपासून गेला. तो कालही तपासला होता. मग कॉफीचे दोन कप घेऊन आला. आत खायला-प्यायला बंदी, म्हणून दाराबाहेर उभं राहून मला प्यावी लागली आणि तोही तिथेच उभा. मी वीस मिनिटं ठिपक्याबद्दल बोलले. तो ऐकत होता. या माणसाला दुसरी कामं नसतात का, कळत नाही.

१४ नोव्हेंबर

आगाऊ. आगाऊ. आगाऊ.

१९ नोव्हेंबर

आज मिस्त्रीवर ओरडले. आता लिहितानाही कान गरम झाले आहेत.

"तुमच्या त्या यंत्राने माझी चार वर्षं पाण्यात घातली," मी म्हटलं.

"यंत्र ठीक आहे."

"मग उंदरिणी बिघडल्या?"

"तसं नाही म्हटलं मी."

त्याने यंत्र बंद केलं आणि म्हणाला, "आजचा दिवस असंच करून बघा." दुपारपर्यंत खोली तापली, मला घाम फुटला. स्वेटर काही काढला नाही. त्याच्या खिशात चिमटा आणि पेन राहतात, सोयीचं पडतं. आणि आगाऊ? नेहमीपेक्षा ठळक! म्हणजे यंत्र निर्दोष. माफी मागायला वर गेले, तर त्याच्या दालनाला कुलूप. बरंच झालं, मला माफी मागता येत नाही.

२१ नोव्हेंबर

शुक्रवार असूनही मिस्त्री स्वेटर न्यायला आला नाही. खुर्चीवर टाकून कसा जाणार, चोरीबिरी झाली तर? म्हणून अंगात घालूनच घरी आले. बाहेर थंडीही होती. तशी फार नव्हती.

२२ नोव्हेंबर

ताईने स्वेटर धुतला!

मी बाजारातून आले तर तो दोरीवर, बाह्या लोंबकळत. मी एवढी ओरडले की भाऊजी तपासायच्या पेपरांसकट बाहेर आले. "न विचारता कसा धुतलास? माझा आहे का तो?"

"कुणाचा आहे?" ताईने विचारलं.

"संस्थेचा. म्हणजे मिस्त्रीचा. कामाचा आहे तो, ताई."

"कामाचा आहे तर कामाच्या कपड्यासारखा धुतला. जन्मात पाणी लागलं नव्हतं त्याला. तुझ्याच त्या बिनवासाच्या साबणाने धुतलाय, काळजी करू नकोस. लोकर आखडलेली नाही."

मी आत जाऊन रडले. लोकर खरंच आखडलेली नव्हती, मग रडू कशाचं आलं कोण जाणे. समितीचा ताण असणार. ताई दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी तरी सहानुभूती म्हणणार नाही.

२४ नोव्हेंबर

आला! निकाल आला! डबी उघडली आणि पाचही ठिपके ऑगस्टसारखे लख्ख. डावा कोपरा काळाकुट्ट. उंदरीण चाकावर तुरुतुरु पळत होती, भुसा हुंगून मिशा हलवत होती. चारी उंदरिणींवर करून बघितलं, चौघींचं तेच. मिठाने दात घासल्याचं फळ म्हणायचं.

मॅडमनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. "आता उद्या दाखव. आणि परवा."

२६ नोव्हेंबर

उद्याही आला, परवाही आला. या आनंदात मिस्त्रीची माफी मागितली. तो म्हणाला, "कशाची?" असं म्हणणाऱ्या माणसाशी पुढे काय बोलायचं? मग तोच म्हणाला, "कोपराला विरलाय तो. द्या, रफू करून आणतो."

"तुम्हाला रफू येतं?"

"तुम्हाला माहीत नाही, मला बरंच काही येतं." आणि स्वतःच लाजला. मी ताईची शाल पांघरून काम केलं. शालीला काही मजा नाही.

२८ नोव्हेंबर

सकाळी स्वेटर खुर्चीवर. कोपरांना इतकं सुबक रफू की ताईनेही मान डोलवावी. मी घातला, दार लावलं, कॅमेरा सुरू केला. डबी अजून हातातसुद्धा घेतली नव्हती.

आगाऊ.

उंदरीण चाकावर दगड होऊन बसली. मी तिच्यासमोर बसून सांगितलं, "अगं बाई, मी तुझं काय घोडं मारलंय?" आणि मला खरंच रडू कोसळलं. समितीला दहा दिवस राहिले आहेत आणि मला काही म्हणजे काही कळत नाही.

२९ नोव्हेंबर

आज जे झालं ते नीट लिहिते, कारण पुढे कुणी विचारलं तर मी हे सगळं शांतपणे शोधून काढलं असंच सांगणार आहे.

ताई मशीनवर बसली होती. मी तिच्यापुढे रडगाणं गात होते. "सोमवारी नव्हता, मंगळवारी नव्हता, बुधवारी-गुरुवारी नव्हता, काल पुन्हा आला. आणि काहीही बदललेलं नाही, ताई! साबण तोच, जेवण तेच, यंत्र तेच, भुसा तोच."

"आणि तो स्वेटर?"

"स्वेटरचा काय संबंध? तो रफू करून आणला काल."

"कुणी?"

"मिस्त्रीने. रात्री घरी बसून केलं म्हणे, आणि थंडी होती म्हणून सकाळी घालूनच..."

माझं तोंड तसंच उघडं राहिलं. ताईने मशीन थांबवलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली. "तुझ्या बाबतीत काखेत नाही, अंगातच."

मी कांदा सोडला, शाम्पू सोडला, घरादाराला साबण बदलायला लावला, आणि रोज सकाळी एका धिप्पाड पुरुषाचा घामाचा वास अंगावर चढवून त्या इवल्याशा जिवांसमोर जाऊन बसत होते! ऑगस्टमध्ये खोली गरम होती, स्वेटरच नव्हता. सोमवारी तो धुतलेला होता. उंदराच्या लेखी मोठ्या नराचा वास म्हणजे संकट, हे मी पहिल्या वर्षी वाचलंय. परीक्षेत लिहिलंय! पण स्वेटर मी मोजलाच नव्हता. तो मला कपडा वाटतच नव्हता. तो वास मला येतसुद्धा नव्हता, रोजच्या वासाला नाक सरावतं आणि मेंदूला कळवणं बंद करतं. घराला घरातल्यांच्या लेखी वास नसतो, तसं.

"हे सिद्ध करायला हवं," मी म्हटलं.

"काय काय सिद्ध करणार आहेस?" ताईने विचारलं. तिला विज्ञानात एकाएकी एवढा रस का आला, समजलं नाही.

१ डिसेंबर

मिस्त्रीच्या दालनात गेले. तो एका पंख्याचं पोट उघडून बसला होता. प्रस्तावना करायला वेळ नव्हता, म्हणून सरळ म्हटलं, "मला तुमचा एक शर्ट हवाय. दिवसभर घातलेला. न धुतलेला."

त्याच्या हातातून स्क्रू पडला.

"धुतलेला चालणार नाही का?" त्याने अगदी हळू विचारलं.

"नाही नाही, तुमचा वास असलेलाच हवा."

मागून कुणीतरी खाकरलं. मॅडम. विजेची तक्रार द्यायला आल्या होत्या. त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "जे प्रयोगासाठी असेल ते प्रयोगवहीत लिही," त्या म्हणाल्या. "बाकीचं घरी."

३ डिसेंबर

डबीत कापडाचा तुकडा ठेवायचा आणि बघायचं, एवढं सोपं. दुकानातला कोरा कपडा : काही नाही. ताईचा झगा : काही नाही. पुन्हा धुतलेला स्वेटर : काही नाही. मिस्त्रीचा शर्ट : आगाऊ, ढळढळीत. भाऊजींचा बनियन : आगाऊच.

म्हणजे हा ठिपका एकट्या मिस्त्रीचा नाही, समस्त पुरुषजातीचा आहे. भाऊजींना सांगितलं तर ते दुखावले. "माझ्या बनियनला उंदीर घाबरतो?"

"मीसुद्धा," ताई म्हणाली.

शेवटी खुद्द मिस्त्रीलाच दारात उभं केलं. त्याने एक शब्द उच्चारला नाही, बोट हलवलं नाही. पडद्यावर डावा कोपरा हिरवा झाला आणि उंदरीण आक्रसून बसली. मी आनंदाने टाळी वाजवली. वळून बघते तर त्याचा चेहरा पडलेला.

"मी तिला कधी काही केलं नाही हो," तो म्हणाला.

"तुमचं काही चुकलं नाही. तिच्या नाकाला एवढंच कळतं, मोठा आहे, नर आहे, जवळ आला आहे. माणूस कसा आहे ते कळायला तिच्याकडे कुलूप नाही."

"तुमच्याकडे आहे?" त्याने विचारलं. मी म्हटलं, माणसाच्या नाकात एकूणच कुलपांच्या जाती कमी. तो बरं म्हणाला आणि गेला. विषय त्याला फारसा झेपला नसावा.

५ डिसेंबर

रोज सकाळी स्वच्छ निकाल. मॅडमनी नियम केला : त्या खोलीत पुरुष नको आणि पुरुषाची वस्तूही नको. मायक्रोस्कोपची देखभाल यापुढे दुसऱ्या इमारतीतल्या इंजिनियरबाई करणार. तशी पाटीही तयार झाली आणि ती दारावर लावायला, अर्थातच, मिस्त्रीच आला. चार स्क्रू. एकेक इतका सावकाश पिळत होता की मॅडम दोनदा येऊन बघून गेल्या. मी स्वेटर घडी करून त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "कॉफीचं..." मग पाटीकडे पाहिलं, आणि वाक्य तसंच टाकून गेला.

माझं काम वाचलं आहे. मी आनंदात असायला हवं, आणि आहेच. पाटीचे स्क्रू घट्ट बसलेत का, ते निघताना दोनदा तपासलं, एवढंच.

८ डिसेंबर

समिती झाली. आणखी तीन वर्षं मिळाली! उंदरिणी माझ्या, खोली माझी. आगाऊ त्यांना पिलांच्या पाच ठिपक्यांपेक्षा जास्त आवडला. भीतीचा एक वास आईला पिलांचाच वास कसा विसरायला लावतो, यावर नवा प्रकल्प करा म्हणाले. समितीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "उंदराला असे इशारे ओळखणारा आणखी एक अवयव असतो ना, नाकाच्या तळाशी?"

"हो. माणसात तो नावापुरताच उरला आहे."

"मग माणसाला अशा गोष्टी कळतात तरी कशा?"

"उशिरा," मॅडम म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले, पण त्या माझ्याकडे बघून का म्हणाल्या, हे मात्र राहून राहून डोक्यात येतं आहे.

घरी भाऊजींनी पाठ थोपटली. "लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात. तू उंदीर पोखरून मिस्त्री काढलास." ताईने त्यांना डोळे वटारले, पण हसू तिलाही आवरेना. मला तेवढं जेवण जाईना.

१० डिसेंबर

दुकानातून नवा स्वेटर आणला. माझ्या मापाचा, उबदार, बिनवासाचा. सकाळी तो घालून खोलीत बसले. ठिपके सुरेख येत होते. उंदरीण पळत होती. कॉफीच्या वेळी मी उठून दाराशी गेले, तर बाहेर कुणी नव्हतं. पाटी होती.

परत येऊन बसले आणि सवयीने नाक स्वेटरच्या गळ्यात खुपसलं. काहीच नाही. कोरी लोकर. तेव्हा मला कळलं की मी हे दोन-अडीच महिने रोज करत होते. निकाल वाईट आला की नाक गळ्यात खुपसायचं आणि जरा बरं वाटायचं. तेलाचा, धातूचा, कॉफीचा आणि त्याचा स्वतःचा असा तो वास होता, आणि मला तो येत होता. चांगला येत होता! त्याच रेणूंनी काचेपलीकडे उंदरीण थिजत होती आणि काचेअलीकडे मी निर्धास्त बसले होते. तिला पहिल्या दिवशी कळलं की कुणीतरी जवळ आलं आहे. ताईला दोरीवर स्वेटर वाळत घालताना कळलं. मॅडमना कळलं, भाऊजींना कळलं, पंख्याला कळलं असेल. आणि नाकाची तज्ज्ञ मी.

कॅमेरा बंद केला आणि जिने चढून वर गेले. तो दालनात होता, करडा स्वेटर अंगात.

"मायक्रोस्कोपचा स्क्रू ढिला झालाय का?" तो उभा राहिला. "पण मला तर तिथे..."

"स्क्रू ठीक आहे. तो स्वेटर मला परत हवाय."

"उंदरांना नाही चालत ना तो?"

"उंदरांसाठी नकोय. घरी घालायला हवाय."

त्याने स्वेटर काढून हातात धरला आणि त्याचे कान लाल झाले. "दोन दिवस द्या. धुऊन आणतो."

"नको," मी म्हटलं. "धुवू नकोस."

घरी आल्या आल्या ताईला बजावलं आहे, खुंटीवरच्या त्या स्वेटरला कुणी हात लावायचा नाही.